अस्वलाचे मांस खावे काय?



या अंकातील अभ्यासपाठाचा विषय वाचून काहींना हसू येईल. पण हा प्रश्न मला मेळघाटातील एका गावात खरोखर विचारला गेला आणि त्या दिवशी मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. म्हणून हा पाठ आधी माझ्यासाठीच आहे.

मोहफुलांचे दिवस होते. आदल्या रात्री मी गावातच मुक्कामाला होते. पहाटे फुले वेचायला निघालेल्या दोन मुलांना डांबरी रस्त्याच्या कडेला अस्वल मरून पडलेले दिसले. रात्री गाडीची धडक बसली असावी. मुले धावत घरी आली. त्यांची आजी सुरी घेऊन निघाली, पण माझ्याजवळ थांबून म्हणाली, "ताई, मोठं जनावर आहे. चार घरांना पुरेल. पोरांनी मटण कधी खाल्लं ते आठवत नाही. खाल्लं तर चालेल ना?"

मी म्हणाले, "आजी, गुन्हा आहे तो."

ती म्हणाली, "मारलं तर गुन्हा. आम्ही कुठं मारलं?"

मी गप्प झाले. शेवटी पोलीस पाटलांनी वनविभागाला फोन केला. दुपारी अधिकारी आले, पंचनामा झाला, अस्वल जाळण्यात आले. आजी लांबून धुराकडे पाहत होती. "एवढं जेवण जळालं," इतकेच ती म्हणाली. ते वाक्य मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिले. नुसते 'नको' म्हणणे सोपे असते. ते का नको, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

१. कायद्याचे उत्तर

आजीचा प्रश्न रास्त होता आणि त्याला कायद्यातच उत्तर आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे अस्वल अनुसूची १ मध्ये येते, म्हणजे वाघाइतकेच संरक्षित. मेलेला सापडलेला असा प्राणीही सरकारी मालमत्ता असतो. तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. अनुसूची १ मधील प्राण्याचे मांस, कातडे किंवा नखे बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिजलेली हंडी पाहून 'हे मारले की सापडले' हे कोणी ओळखू शकत नाही. घरातला कमावता मुलगा तुरुंगात गेला, तर एका दिवसाच्या जेवणाची किंमत किती होईल? संधिवातावर अस्वलाची चरबी, मुलाच्या गळ्यात अस्वलाच्या केसांचा ताईत, असे उपाय सांगणारेही भेटतात. त्यांच्यापासूनही सावध राहावे.

२. आरोग्याचे उत्तर

अस्वलाचे मांस मुळात विषारी नाही. कॅनडा व अमेरिकेत परवाना घेऊन काळ्या अस्वलाची शिकार होते आणि लोक ते मांस खातात. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक पांढऱ्या अस्वलाचे मांस खातात, मात्र त्याचे यकृत टाळतात. त्या यकृतात अ जीवनसत्त्व इतके असते की माणसाला विषबाधा होते.

खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कृमीचा आहे. त्याचे नाव ट्रायकिनेला. लंडनमध्ये १८३५ साली जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याला तो माणसाच्या स्नायूत प्रथम आढळला. मांस खाणाऱ्या व मिश्राहारी प्राण्यांत, विशेषतः अस्वल आणि रानडुकरात, या कृमीच्या अळ्या मांसाच्या धाग्यात वेटोळे करून बसतात. मांस कच्चे राहिले तर त्या आपल्या पोटात सुटतात, आतड्यात वाढतात आणि त्यांची पिल्ले रक्तावाटे आपल्या स्नायूंत जातात. पहिल्या एक-दोन दिवसांत पोटदुखी, उलटी, जुलाब होतात. पुढे काही आठवड्यांत ताप, डोळ्यांभोवती सूज आणि अंगदुखी येते. काही वेळा हृदयालाही इजा होते. यावर औषध आहे, पण 'काय खाल्ले' हे डॉक्टरांना सांगितले तरच ते वेळेवर मिळते. भीतीपोटी ते लपवू नये.

अमेरिकेतील एक नोंद आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २०२२ साली तेथील एक कुटुंब सुट्टीसाठी एकत्र जमले होते. कॅनडात शिकार केलेल्या काळ्या अस्वलाचे मांस त्यांनी ४५ दिवस फ्रीजरमध्ये गोठवून ठेवले होते. त्याचे तुकडे भाज्यांबरोबर सळईवर भाजले. मांसाचा रंग मुळातच गडद, त्यामुळे ते आत कच्चे आहे हे आधी कोणाच्या लक्षातच आले नाही. सहा जण आजारी पडले, तिघांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या सहांपैकी दोघांनी मांस खाल्लेच नव्हते, फक्त सोबतच्या भाज्या खाल्ल्या होत्या.

यातून तीन गोष्टी शिकाव्या. थंड प्रदेशातील अस्वलांत आढळणारा हा कृमी गोठवूनही मरत नाही. मांसाचा रंग पाहून ते शिजले की नाही हे ठरवता येत नाही. आणि कच्च्या मांसाचा रस, सुरी व पाट यांतूनही रोग पसरतो.

३. 'चांगले शिजवले तर?'

आतील गाभा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला तर हा कृमी मरतो. पण निखाऱ्यावर भाजलेला मोठा तुकडा बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. वाळवलेल्या, मीठ लावलेल्या किंवा धुरावर धरलेल्या मांसाचाही भरवसा नाही. आपल्या घरी पाळलेले डुक्कर कापले जाते तेव्हाही हा नियम पाळावा: लहान तुकडे, पाण्यात पूर्ण उकळी, आणि सुरी व पाट धुतल्याशिवाय कांद्याला हात नाही.

आपोआप मेलेल्या जनावराची गोष्ट आणखी वेगळी. ते विष खाऊन मेले असेल, तर सगळीच विषे उकळल्याने जात नाहीत. काळपुळीने मेले असेल, तर त्या रोगाचे बीज साध्या उकळीने मरत नाही आणि कातडी सोलणाऱ्याच्या हाताच्या जखमेतून ते शरीरात शिरते. आमचे अस्वल गाडीने मेले असे आम्ही धरून चाललो होतो. धडक कोणी पाहिली नव्हती.

४. शास्त्राचे उत्तर

लेवीय ११ मध्ये पंजांवर चालणारी जनावरे अशुद्ध म्हटली आहेत. प्रेषितांची कृत्ये १० मधील पेत्राच्या दृष्टान्तानंतर आपण त्या बंधनाखाली नाही. पण मला थांबवले ते अनुवाद १४:२१ या वचनाने. आपोआप मेलेले जनावर इस्राएलाने खाऊ नये असे तेथे सांगितले आहे, मात्र ते परक्याला देण्याची मुभा आहे. मी स्वतःला विचारले: माझ्या मुलांना मी हे मांस वाढले असते का? कधीच नाही. मग आजीच्या नातवांना 'चालेल' म्हणण्याचा मोह मला क्षणभर का झाला? त्यांची भूक मोठी म्हणून त्यांच्या जिवाचे मोल कमी धरले का? पेत्राने त्या दृष्टान्तातून अन्नाचा धडा घेतला नाही. कोणत्याही माणसाला कमी लेखू नये, हा धडा त्याने घेतला. प्रभूमध्ये कोणी परका नाही. जे माझ्या ताटात नको, ते शेजाऱ्याच्याही ताटात नको.

५. मग ताटात काय?

'नको' म्हणणाऱ्यावर पुढची जबाबदारी येते. आठवड्याने मी पुन्हा आजीकडे गेले आणि तिची शिधापत्रिका पाहायला मागितली. दोन्ही नातवांची नावे तीत नव्हती. चार वर्षे त्या घरात दोन माणसांचे धान्य कमी येत होते आणि मी त्या घरी कितीदा चहा प्यायले होते! नावे चढायला चार महिने आणि तालुक्याच्या सहा फेऱ्या लागल्या. पहिले वाढीव धान्य आले त्या दिवशी आजीने मला जेवायला थांबवले. ज्वारीची भाकरी आणि डाळ होती. ती म्हणाली, "आता सांग, अस्वलाचं काय ते." तेव्हा मी तिला वरचे सगळे सांगितले आणि तिने ते शेवटपर्यंत ऐकले.

गावात सांगण्यासाठी: मेलेला वन्यप्राणी दिसल्यास हात लावू नका, कुत्र्यांना व मुलांना दूर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मोह वेचायला एकट्याने व अंधारात जाऊ नका. अस्वलालाही ती फुले आवडतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात मांस कसे भाजतात? त्यात कोणता बदल आजपासून करता येईल?

२. 'आमच्या वाडवडिलांनी खाल्ले, त्यांना काही झाले नाही' असे कोणी म्हटल्यास त्याचा मान राखून काय उत्तर द्याल?

३. आपण ज्या घराला एखादी गोष्ट 'करू नका' असे सांगितले, त्या घराची शिधापत्रिका आपण पाहिली आहे का?