जन्माला पुरणारा खेळ

मी शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा पहिली दोन वर्षे ओट्यावर बसून काढली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी गप्पा. एक दिवस मनात आले, परसात केळी लावाव्यात. कुदळ घेतली आणि आठ दिवस सारखा खणत राहिलो. नवव्या दिवशी उजव्या कोपराला कळ लागली. पाण्याचा तांब्याही उचलवेना.

तालुक्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला बोटाने दाबले. मी ओरडलोच.

"गुरुजी, तुम्हाला टेनिस एल्बो झालाय," डॉक्टर म्हणाले.

"अहो, टेनिसची बॅट मी जन्मात हातात धरलेली नाही!"

डॉक्टर हसले. म्हणाले, "कुदळीचा दांडा धरलात ना? कोपराला दोन्ही सारखेच."

एल्बो म्हणजे कोपर. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची टोके कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेली असतात. मूठ घट्ट आवळून तेच ते काम फार वेळ केले, की ही टोके दुखावतात. टेनिस खेळणाऱ्यांना हे दुखणे होते, म्हणून त्याला हे नाव पडले. पण सुतार, गवंडी, धुणे पिळणाऱ्या बायका, यांनाही ते होते.

मग मी डॉक्टरांना विचारले, "हा खेळ इतका वाईट आहे का?"

ते म्हणाले, "उलट आहे, गुरुजी. म्हातारपणापर्यंत साथ देणारे जे थोडे खेळ आहेत, त्यांतला हा एक."

त्यांनी सांगितले ते आणि पुढे मी वाचले ते, या धड्यात देतो.

टेनिस कसे खेळतात?

हा खेळ इंग्लंडात सुरू झाला. विंगफील्ड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने १८७४ साली तो लोकांपुढे आणला. मैदान ७८ फूट लांब असते. मधोमध जाळी बांधतात. ती मध्यभागी ३ फूट उंच असते. दोन्ही बाजूंना एकेक किंवा दोन-दोन खेळाडू उभे राहतात. हातात तातीने विणलेली बॅट असते. तिला रॅकेट म्हणतात. रबरी चेंडूवर लोकरी कापड चढवलेले असते. चेंडू जाळीवरून पलीकडे मारायचा. आपल्या बाजूला एक टप्पा पडला, की दुसरा पडण्याआधी तो परतवायचा. एवढाच खेळ.

शरीराला काय मिळते?

पहिला लाभ हृदयाला. टेनिसमध्ये माणूस सारखा धावत नाही. काही सेकंद जोराने धावतो, मग थोडा थांबतो. पुन्हा धावतो, पुन्हा थांबतो. अशाने हृदयाला जोराने काम करण्याची सवय होते आणि मध्ये विसावाही मिळतो.

दुसरा लाभ हाडांना. आपल्याला वाटते, हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू. तसे नाही. हाड जिवंत असते. त्यावर भार पडला, तर ते भक्कम होते. भार पडला नाही, तर ते झिजते. याचा पुरावा टेनिस खेळणाऱ्यांच्या हातात सापडतो. एकाच माणसाचे दोन हात. पण ज्या हाताने तो वर्षानुवर्षे खेळला, त्या हाताचे हाड दुसऱ्या हाताच्या हाडापेक्षा जाड व बळकट झालेले असते.

इथे मुलींच्या आईबापांनी नीट लक्ष द्यावे. फिनलंड देशातील डॉक्टरांनी रॅकेटने खेळणाऱ्या स्त्रियांचे हात तपासले. ज्या मुलींनी न्हाण येण्याच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली, त्यांच्या हाडांना नंतर सुरुवात करणाऱ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट लाभ झाला होता. स्त्रियांची पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. मग घरातल्या घरात पाय घसरला, तरी खुबा मोडतो आणि माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून हाडांची शिल्लक लहानपणीच टाकावी लागते. "मुलीच्या जातीला खेळ कशाला?" असे म्हणणारा बाप लेकीची म्हातारपणची पुंजी बुडवतो.

तिसरा लाभ तोलाचा. चेंडू कुठे पडेल हे डोळा पाहतो, पाय तिकडे वळतात, हात फिरतो. अंग पटकन वळवण्याची ही सवय राहिली, तर उतारवयात पडण्याचे भय कमी होते.

चौथा लाभ सोबतीचा. हा खेळ एकट्याने खेळता येत नाही. रोज कोणीतरी वाट पाहत असते, म्हणून माणूस घराबाहेर पडतो. एकटेपणाही शरीराला पोखरतो, हे विसरू नये.

आयुष्य वाढते का?

युरोपात डेन्मार्क नावाचा देश आहे. तिथल्या कोपनहेगन शहरात डॉक्टरांनी साडेआठ हजार लोकांची सुमारे २५ वर्षे नोंद ठेवली. २०१८ साली त्यांनी हिशेब छापला. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा टेनिस खेळणारे सुमारे १० वर्षे जास्त जगले. बॅडमिंटन खेळणारे ६ वर्षे, तर नुसते संथ धावणारे ३ वर्षे जास्त जगले.

पण हिशेब नीट समजून घ्यावा. टेनिस खेळणारी माणसे बहुधा खाऊनपिऊन सुखी असतात. म्हणून सगळी १० वर्षे खेळानेच दिली, असे म्हणता येणार नाही. डॉक्टरांनीही तसे म्हटलेले नाही. पण सोबतीने खेळणारे या हिशेबात पुढे राहिले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

युक्रेन देशातील लिओनिद स्तानिस्लाव्स्की हे गृहस्थ तिशीच्या सुमारास टेनिस शिकले. २०२१ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, ते स्पेनमध्ये वृद्धांच्या स्पर्धेत खेळले. आपल्या देशाचे रोहन बोपण्णा यांनी २०२४ साली ऑस्ट्रेलियातील मोठी स्पर्धा जोडीने जिंकली. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्यांच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी घालून दिलेल्या पद्धतीने त्यांनी योगासने केली आणि गुडघ्यांचे दुखणे आटोक्यात आले, असे ते सांगतात.

आम्ही तर रोजच राबतो!

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही दिवसभर शेतात राबतो. आम्हाला खेळ कशाला?"

प्रश्न रास्त आहे. शेतातले श्रम हाही व्यायामच आहे. पण त्यात एकच हालचाल सारखी होते. निंदताना कंबर वाकली, ती तासन् तास वाकलेलीच. दमलो म्हणून थांबता येत नाही. खेळात अंग सगळीकडे वळते आणि दमलो की थांबता येते.

आणखी एक गोष्ट. श्रम कधीतरी सुटतात. मुले हाताशी येतात, ट्रॅक्टर येतो, म्हातारा ओट्यावर बसतो. काम सुटते, पण शरीराची हालचालीची गरज सुटत नाही. माझी चूक हीच झाली. आधी दोन वर्षे बसून राहिलो, मग एकदम आठ दिवस खणले. बसणेही वाईट आणि एकदम उठणेही वाईट. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग हळूहळू वाढवावे. ज्यांना छातीत दुखते, धाप लागते किंवा रक्तदाब आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

टेनिसचे मैदान खर्चाचे असते. ते गावोगावी होणार नाही. पण बॅडमिंटन हा त्याचाच भाऊबंद. इंग्रज अधिकारी तो पुण्यात खेळत, म्हणून एके काळी त्याला 'पूना' असेही म्हणत. दोन खांबांना एक दोरी, दोन बॅटी आणि एक फूल, एवढ्यावर तो अंगणात खेळता येतो.

माझे कोपर पाच महिन्यांनी बरे झाले. आता संध्याकाळी मी शाळेच्या अंगणात नातीबरोबर खेळतो. ती दहा वर्षांची आहे. बहुतेक वेळा तीच जिंकते. तिची हाडे घडत आहेत, माझी टिकत आहेत.

प्रश्न

१. टेनिस एल्बो हे दुखणे टेनिस न खेळणाऱ्यांना कसे होते?

२. हाड जिवंत असते, हे कशावरून कळते?

३. मुलींनी लहानपणीच खेळावे, असे का सांगितले आहे?

४. तुमच्या घरातील वडीलधारी माणसे दिवसभरात किती हालचाल करतात? घरी पाहा आणि वर्गात सांगा.