राखीव प्रतीची परीक्षा

शाखेत दिवसअखेरीस रोकड मोजली जाते, ताळा जुळतो आणि मगच तिजोरी बंद होते. संगणकांच्या जगातही अशी एक मध्यवर्ती खातेवही असते. मात्र ती सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

क्लाउडमधील असंख्य सर्व्हरांपैकी कोणता प्रोग्रॅम कोठे चालवावा, एखादा बंद पडल्यास त्याच्या जागी दुसरा कसा उभा करावा, हे ठरविणाऱ्या यंत्रणेस ऑर्केस्ट्रेशन इंजिन म्हणतात. गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘कुबरनेटिस’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. या इंजिनाची स्मृती बहुधा ‘एटसीडी’ नावाच्या लहानशा डेटाबेसमध्ये असते. तो नष्ट झाल्यास चालू असलेले प्रोग्रॅम काही काळ चालत राहतात. परंतु आपण काय सांभाळत होतो, याचेच इंजिनास विस्मरण होते.

एटसीडी सामान्यतः ३ किंवा ५ सर्व्हरांवर ठेवतात. ३ पैकी १ अथवा ५ पैकी २ बंद पडले तरी काम अडत नाही. मग निराळा बॅकअप कशासाठी? कारण चुकून दिलेली ‘पुसून टाका’ ही आज्ञादेखील सर्व सर्व्हरांवर तितक्याच तत्परतेने पोहोचते. म्हणून पुढील दक्षता आवश्यक ठरते :

(१) ठरावीक वेळाने डेटाबेसचा ‘स्नॅपशॉट’ घेऊन तो त्या सर्व्हरांपासून दूर ठेवावा.
(२) त्यात पासवर्डसारखी गुप्त माहिती असू शकते. म्हणून तो सांकेतिक रूपात, कुलूपबंद असावा.
(३) मूळ डेटाबेसमधील माहिती आधीच सांकेतिक केलेली असल्यास तिची किल्ली निराळी जपावी. किल्लीविना प्रत व्यर्थ होय.
(४) प्रोग्रॅमांनी साठविलेली ग्राहकांची माहिती या प्रतीत नसते. तिचा बॅकअप स्वतंत्रपणे घ्यावा.
(५) प्रत वेळोवेळी वेगळ्या संगणकावर पुन्हा उभी करून पाहावी.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच राहून जातो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या मुख्य डेटाबेसमधील माहिती एका कर्मचाऱ्याकडून चुकून पुसली गेली. तेथे निरनिराळ्या प्रकारचे बॅकअप योजलेले होते. तथापि नित्याचा बॅकअप प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीमुळे निष्फळ ठरत होता आणि त्याची सूचना देणारे ई-मेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. सुमारे ६ तास आधी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून बहुतांश माहिती वाचली. त्या ६ तासांतील डेटाबेसमधील नोंदी मात्र गेल्या.

तात्पर्य, बॅकअप घेतला जातो आहे एवढ्यावर विसंबून राहता येत नाही. तो परत उभा राहतो, हे पाहिलेले असावे लागते. वाचकहो, आपल्या घरच्या संगणकावरील राखीव प्रतीतील एखादी जुनी फाइल आज सहज उघडून पाहाल काय?