घाटावर की घाटाखाली, आधी हे सांगा

परदेशात आल्यावर पहिले सहा-आठ महिने आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पोरांच्या डोक्यात भाडं, अनामत आणि थंडीचे बूट एवढंच असतं. मग पगारातून चार पैसे मागे पडू लागतात आणि एका रविवारी फोन येतो, "दादा, बाबांसाठी गाडी घ्यायची म्हणतो. सेकंडहँड, डिझेल, ऑटोमॅटिक. त्यांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवत नाही." स्वतः इथे बसने फिरणारा पोरगा आधी बापाच्या गाडीचं बघतो, याचं मला आता नवल वाटत नाही. मीही तेच केलं होतं.

मी मूळचा चिखलीचा, बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो. मेहकरचं एक कुटुंब इंग्लंडमध्ये आहे, नांदुऱ्याचं नेदरलँड्समध्ये, खामगावचं मस्कतमध्ये. आम्ही सगळ्यांनी गावी गाड्या घेऊन दिल्या आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या निघाल्या. पुढचं सगळं त्या निम्म्यांनी शिकवलेलं आहे.

मॉडेलचं नाव सांगण्याआधी मला एक सांगा. गाडी घाटावर राहणार की घाटाखाली? आपल्या तेरा तालुक्यांची ही वाटणी निवडणुकीपुरती नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद इकडे सपाट रस्ता आणि मे महिन्यात अंग भाजणारं ऊन. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार वर. मधे राजूर घाट, बोथ्याचा घाट. बाप बुलढाण्यात राहत असेल आणि बहीण मोताळ्यात दिली असेल, तर ती गाडी महिन्यातून चारदा राजूर घाट चढणार आणि उतरणार. ऑटोमॅटिकचा खरा कस तिथेच लागतो, कारण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली तीन वेगळी यंत्रं विकली जातात.

पहिलं एएमटी. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम माणसाऐवजी छोटं यंत्र करतं. जुन्या डिझेल डिझायर आणि ब्रेझामध्ये हे होतं, २०१८ पासून डिझेल नेक्सॉनमध्येही आलं. स्वस्त, डिझेल कमी पिणारं, आणि क्लच प्लेट बदलायला कुठलाही जाणता मिस्त्री चालतो. (नंतरची जुळवणी मात्र कॉम्प्युटर लावूनच होते, हे मिस्त्री आधी सांगत नाही.) घाटातल्या चढावर ट्रकमागे थांबून पुन्हा निघताना काही एएमटी गाड्या हातभर मागे सरकतात. पासष्ट वर्षांच्या माणसाच्या काळजाचा तेवढ्यात ठोका चुकतो.

दुसरं दुहेरी क्लचचं. विषम गिअरना एक क्लच, समना दुसरा. गिअर असा बदलतो की कळतही नाही. आपण युरोपात हे चालवतो, त्याच्या प्रेमात पडतो आणि बापालाही तेच हवं असं धरून चालतो. मी नेमकं हेच केलं. व्हिडिओ कॉलवर पुण्यातली एक चकचकीत सेडान पसंत केली, दुहेरी क्लच, तोही कोरडा. म्हणजे त्या क्लचना गार ठेवायला तेल नाही, फक्त हवा. दुसऱ्याच उन्हाळ्यात, घाटात उसाच्या ट्रॉलीमागे पाऊण तास इंचाइंचाने सरकताना गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला आणि गाडी उभी राहिली. दुरुस्तीसाठी ती संभाजीनगरला न्यावी लागली, आणि बिल एवढं आलं की बाबांनी मला तो आकडा सहा महिने सांगितला नाही. गाडी कोणत्या कंपनीची ते इथे नको. गाडी वाईट नव्हती, मी तिला चुकीच्या गावी पाठवलं होतं.

तिसरं टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनचं फिरणं चाकांकडे तेलातून जातं, त्यामुळे निघताना काही घासत नाही आणि चढावर रेंगाळलं तरी सहसा कुरकुरत नाही. डिझेल थोडं जास्त जातं. आम्हा सगळ्यांचं मत शेवटी याच्यावर येऊन थांबलं. जुन्या बाजारात हे ज्यांत मिळतं त्या गाड्या अशा: २०१५ पासूनची १.६ डिझेल क्रेटा, त्याच वर्षाच्या शेवटी आलेली ऑटोमॅटिक एक्सयूव्ही ५००, २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा, २०१९ ची सेल्टोस, २०२० नंतरची हॅरियर आणि सोनेट, २०२१ ची एक्सयूव्ही ७००, २०२२ ची कॅरेन्स. क्रिस्टा आपल्याकडे सोन्यासारखी विकली जाते. तिचा भाव पडत नाही म्हणून ती घेणाऱ्यालाही महागच पडते, आणि दोनच म्हातारी माणसं असतील तर एवढं धूड पार्किंगमध्ये वळवणार कोण?

आता डिझेलचं. इथे मी पोरांशी भांडतो. बाबा रोज बाजार, बँक आणि मारुतीचं देऊळ एवढंच फिरणार असतील तर डिझेल घेऊ नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. दोन किलोमीटरच्या खेपांनी फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि घरचे त्या दिव्याकडे देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखं शांतपणे बघत बसतात. मारुतीने तर त्याच सुमारास डिझेल बंदच केलं. पण दर गुरुवारी शेगाव, महिन्याला अकोल्याचा दवाखाना, तुम्ही सुट्टीला याल तेव्हा संभाजीनगरचं विमानतळ, मेहकर किंवा दुसरबीडहून समृद्धी महामार्गावर चढून नागपूर, असं फिरणं असेल तर डिझेलसारखं सुख नाही. नांदुऱ्याच्या कुटुंबाने मुद्दाम २०१९ ची, फिल्टर नसलेली बीएस-४ गाडी घेतली. घरच्यांचं फिरणं ओळखून घेतली म्हणून ती आजही बिनतक्रार चालते.

इथे आल्यावर एक सवय लागते, ती गावचा व्यवहार करताना सोडून द्या. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची झाली की गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि प्रत्येक वेळचं किलोमीटर कोणालाही फुकट बघता येतं. जर्मनीत पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. मायदेशी खासगी गाडीची अशी तपासणी नोंदणीला पंधरा वर्षं होईपर्यंत नसते. पीयूसी धुरापुरतं. म्हणजे मीटर मागे फिरवलं तर पकडणारा सरकारी कागद नाही. सर्व्हिस सेंटरचा गाडीच्या नंबरावरचा इतिहास मागा, टायरवरचं उत्पादनाचं आठवडा-वर्ष वाचून घ्या, पेडलचं रबर बघा. पस्तीस हजार चाललेल्या गाडीचं ब्रेकचं रबर गुळगुळीत होत नाही.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसेल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या इतर राज्यांत उतरू लागल्या. सगळ्या खराब नसतात. पण परराज्यातली एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, पुन्हा नोंदणी, एमएच-२८ चा नंबर मिळेपर्यंतच्या खेपा, हे सगळं धरलं की स्वस्ताई विरघळते. त्या खेपा तुम्ही मारणार नाही, बाबा मारणार. पुरातल्या गाड्यांचंही भय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला सांगा. काळ्या मातीची धूळ आपल्या सगळ्याच गाड्यांत असते, पण पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात सुकलेला गाळ दिसला तर तिथून उठा.

गाडी बघायला नात्यातला मेव्हणा पाठवू नका. तो रंग आणि स्पीकर बघून येतो. पाचशे-हजार रुपये देऊन मिस्त्री न्या आणि त्याला सकाळी, इंजिन गार असताना न्या. मालकाने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर तेच उत्तर समजा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पार्कमधून रिव्हर्स, रिव्हर्समधून ड्राइव्ह करताना ब्रेकवर पाय ठेवून धक्का बसतो का ते बघायचं. मग चौघांना बसवून, एसी लावून, मोताळ्याकडून राजूर घाट चढायचा. मधे सुरक्षित जागा बघून थांबायचं, चढावरूनच पुन्हा निघायचं, वर पोचल्यावर परत धक्का बघायचा, कारण गार असताना गोड वागणारे गिअरबॉक्स तापल्यावर बोलायला लागतात. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं हे विचारा. "लागत नाही, आयुष्यभराचं असतं" असं उत्तर मिळालं तर आयुष्य कोणाचं, ते विचारून घ्या. साठ ते ऐंशी हजार किलोमीटरच्या दरम्यान बदललेलं बरं.

कागदांत बहुतेक जण अडकतात, म्हणून सावकाश सांगतो. गाडी बाबांच्या नावावर घ्या. तुमचा पत्ता आता परदेशात, आणि आरटीओला पत्ता गावचाच लागतो. विकणाऱ्याची सही फॉर्म २९ वर, दोघांची ३० वर, बँकेचा बोजा असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र, दुसऱ्या आरटीओकडची असेल तर २८. मूळ मालक वारला असेल तर वारसांनी आधी फॉर्म ३१ ने स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवी, "नंतर बघू" चालणार नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा पाटी बसवली आहे ना, ते बघा, नाहीतर हस्तांतराचं काम अडतं. नाव बदलल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणालाही घेता येत नाही, म्हणून पैसे बँकेतूनच. विमा चौदा दिवसांत बाबांच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. बाबांचा परवाना तपासा, पंचावन्न उलटल्यावर तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. आणि एक गोष्ट जी आमच्यातल्या तिघांना नडली: ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, बाबांच्या आधारला तुमचं जुनं सिम जोडलेलं असतं, आणि ते सिम तुम्ही विमानात बसण्याआधी बंद केलेलं असतं.

गाडी दारात आली की काम संपत नाही. चाळीस वर्षं क्लच मारलेला डावा पाय ऑटोमॅटिकमध्येही क्लच शोधतो आणि पूर्ण जोराने ब्रेकवर पडतो. मागून एसटी असेल तर विचारू नका. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानात चालवू द्या, डावा पाय मागे घेऊन. घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची आपल्याकडे जुनी खोड आहे, ती मोडायलाच हवी. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. उतरताना गिअर हाताने खाली आणायचा, ते खामगावच्या काकांनी मस्कतहून व्हिडिओवर स्वतःच्या वडिलांना शिकवलं, तीन वेळा, शेवटी चिडून.

गाडी बंद पडली तर गावात दोनच उपाय ठाऊक असतात, ढकलून सुरू करणे आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणे. ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही. इंजिन फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्सला तेल पोचत नाही आणि तो आतून खरडतो. उचलून नेणारी गाडीच बोलवावी लागते. माझ्या बाबांनी डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला आहे, 'ही गाडी ओढू नये. ढकलू नये.' गेल्या दिवाळीत देऊळगाव राजाच्या रस्त्यावर बॅटरी उतरली तेव्हा शेजारच्या शेतातला माणूस दोर घेऊन धावत आला, कागद वाचला आणि म्हणाला, "काहून बापा, मंग हिले पूजाले ठेवता काय?" बाबांनी त्याला आत बसवून एसी दाखवायचं ठरवलं होतं, पण बॅटरीच उतरलेली.