बसायचं कोणत्या मंडळीत?

प्रिय बाळ,



शिकागोला गेल्यावर आधी तू जॉन पायपर या अमेरिकन धर्मोपदेशकाची पुस्तकं वाचणाऱ्या कॅल्व्हिनवादी मुलांमध्ये बसलीस. मग हात उंचावून, आत्म्याच्या प्रेरणेनं अन्य भाषांत प्रार्थना करणाऱ्या मंडळीत रमलीस. आता तुझी रूममेट स्वतःला ‘एक्सव्हँजेलिकल’, म्हणजे इव्हँजेलिकल मंडळ्या सोडून आलेली, म्हणवते आणि तिचं बोलणंही तुला पटतं. ‘मावशी, यातलं खरं कोण?’ असं विचारलंयस. खरेपणाचा निवाडा मी करणार नाही, पण या लोकांना भूक कशाची लागली होती, ते तू आधी पाहावंस असं मला वाटतं.

पायपर वाचणाऱ्या मुलांचंच बघ. २००६ साली पत्रकार कॉलिन हॅन्सन यांनी या तरुणांवर लेख लिहिला आणि ही चळवळ सगळ्यांच्या नजरेत आली. झगमगाट आणि गमतीच्या गोष्टी यांवर चाललेल्या उपासनेत त्यांचं पोट भरत नव्हतं. पाप म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, हे त्यांना कुणीतरी नीट शिकवायला हवं होतं. ती भूक खरी होती, म्हणून ती पुस्तकं जपून ठेव. पण त्याच लाटेत सिअ‍ॅटलचं मार्स हिल चर्च वाढलं. हजारो माणसं तिथले पाळक मार्क ड्रिस्कॉल यांचे संदेश ऐकत. २०१४ साली चौकशीत त्यांचा उद्धटपणा, संताप आणि दडपशाही समोर आली. त्यांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांत ते चर्चच विसर्जित झालं. व्यासपीठावरून शिकवण मात्र कृपेचीच होती, बाळ. म्हणून कुठेही गेलीस तरी पाळकाला ‘हे चुकलं’ असं तोंडावर सांगू शकणारं तिथं कुणी आहे का, ते बघ. हिशेब मंडळीपुढे ठेवले जातात का, तेही विचार. असं विचारल्यानं विश्वास कमी पडत नाही.

अन्य भाषांचं म्हणशील, तर ते तुला अमेरिकेत जाऊन पहिल्यांदा भेटावं याचं मला नवल वाटतं. १९०५ साली आपल्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली रडत-प्रार्थना करत आत्म्यानं भरल्या. तिथल्या मिनी अ‍ॅब्रॅम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या मे हूवर या मैत्रिणीला पाठवली. या दोघी तुझ्याच शिकागोत, शिकागो ट्रेनिंग स्कूलमध्ये, एकत्र शिकलेल्या. ती पुस्तिका वाचून हूवर पतिपत्नी प्रार्थनेला लागले आणि १९०९ मध्ये व्हालपाराइसोत जे संजीवन झालं, त्यातून चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या उभ्या राहिल्या. आपल्या दुष्काळातून वाचलेल्या पोरींची प्रार्थना कुठवर पोचली बघ! आत्मा मिळालेल्या प्रत्येकानं अन्य भाषेत बोललंच पाहिजे, असा हट्ट मात्र अ‍ॅब्रॅम्सबाईंनी धरला नाही. तुमच्या सभेत ज्या मुलीला ते दान मिळालं नाही, तिला कुणी उणं लेखत असेल, तर केडगावची ही गोष्ट त्यांना सांग. आणि हेही सांग, की त्या मुलींचे हात प्रार्थनेत जोडलेले असत तसे विणकामात आणि छापखान्यातही गुंतलेले असत.

आता तुझ्या रूममेटविषयी. तिला वादात हरवायला जाऊ नकोस. अशा कितीतरी जणांना पुढाऱ्यांनीच दुखावलेलं असतं. तिचं ऐकून घे. प्रश्न विचारणारी माणसं विश्वास सोडूनच जातात, असं मात्र तिनंही धरू नये आणि तूही नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर तिथल्या एका अँग्लिकन सिस्टरशी त्यांनी पत्रांतून कडकडीत वाद घातले. आपली सद्सद्विवेकबुद्धी कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थानं भेटला तो १८९१ च्या सुमारास, असं त्यांनी पुढं स्वतःच साक्षीत लिहिलं. म्हणजे मधली आठ वर्षं शोधातच गेली. त्या शोधात त्यांनी कुठल्या एका पंथाचा शिक्का स्वतःवर मारून घेतला नाही. पुढं हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं. मला त्यांच्याइतकं धीर देणारं दुसरं कुणी ठाऊक नाही.

तारण की न्याय, हा तुमच्याकडचा भांडणाचा मुद्दाही जुनाच. १९७४ साली लोझानला भरलेल्या इव्हँजेलिकलांच्या परिषदेत लॅटिन अमेरिकेच्या रेने पाडिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी तो लावून धरला. तिथल्या करारात सामाजिक जबाबदारीकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल पश्चात्ताप लिहिला गेला. दोन्ही धरून चालणारी इव्हँजेलिकल माणसं आहेत. ती शोध.

राहता राहिलं बसायचं कुठं. चळवळ निवडू नकोस, मंडळी निवड. घरापासून चालत जाता येईल अशी, म्हातारी माणसं आणि रडणारी बाळं असलेली, एक रविवार चुकला तर ‘आजारी होतीस का गं?’ असं विचारणारी. तिथं गीतं तुला आवडतीलच असं नाही, संदेशही कधी लांबेल. तरी दोन वर्षं टिक. संडे स्कूलचा एक वर्ग घे, प्रभुभोजनानंतर भांडी धुवायला थांब. पायपर घरी वाच आणि हात उंचावून प्रार्थना करावीशी वाटली तर खुशाल कर, कुणाची परवानगी नको. मोबाइलवरच्या मोठ्या वक्त्यांना मात्र आपला पाळक समजू नकोस. तू आजारी पडलीस तर त्यांच्यातलं कुणी दवाखान्यात येणार नाही.

पुढच्या पत्रात पाळकाचं नाव लिहिलं नाहीस तरी चालेल. तुझ्या बाकावर कोण कोण बसतं, ते मात्र लिही.

तुझी,
मावशी