माफी मागायची कोणाची, झाडाची?

प्रश्न : देवास जिल्ह्यातल्या सिस्टर राणी मारिया यांच्या मारेकऱ्याला त्यांच्या घरच्यांनी माफ केल्याचे ऐकले होते. हल्ली निसर्गाची नासाडी हेही पाप आहे, त्याची क्षमा मागा, असे चर्चमध्ये सांगतात म्हणे. माणसाची माफी मागणे समजू शकते, पण झाडाची किंवा नदीची कशी मागणार? आणि माफ केले की गुन्हा संपला का?
– एक वाचक, तिरला (जि. धार)

उत्तर : शेवटची शंका आधी घेऊ. ती सुटली की पहिली सोपी होते.

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या आदिवासींना सावकाराच्या विळख्यातून सोडवायला धडपडत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाताना बसमध्येच समुंदरसिंह या मारेकऱ्याने त्यांना भोसकले. २००२ च्या राखीपौर्णिमेला त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि ज्या हाताने सुरा धरला होता त्याच हाताला तिने राखी बांधली. तो सुटला २००६ मध्ये. म्हणजे राखीनंतरही काही वर्षे तो आतच होता. शिक्षा कोर्टाने दिलेली, क्षमा घरच्यांनी केलेली. क्षमा केली म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही. घरच्यांनी पुढे त्याच्या सुटकेसाठीही शब्द टाकला, ती गोष्ट वेगळी. क्षमा म्हणजे झाले गेले विसरणे, हा समजही इथे टिकत नाही. विसरायचे असते तर तुरुंगापर्यंत कोण जाईल?

आता ‘माफी’ हा शब्द पाहा. शेतकऱ्याला माफी म्हटले की आधी आठवते ती कर्जमाफी. गंमत अशी, की बायबलही याच वाटेने जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूची प्रार्थना आहे. तिथे जुन्या मराठी भाषांतरात ‘पाप’ नाही, ‘ऋण’ हा शब्द आहे. आणि यहुदी नियमशास्त्रात सातव्या वर्षी दोन गोष्टी करायच्या होत्या : ऋणकोचे कर्ज सोडून द्यायचे आणि जमीन पड ठेवायची. त्या वर्षी पेरणी नाही. आपसूक उगवेल ते गोरगरिबांनी आणि जनावरांनी खावे. सावकाराने माणसाला सोडायचे, माणसाने मातीला. सोयाबीन निघाले की गहू, गहू निघाला की पुन्हा सोयाबीन, अशी जमीन राबवणाऱ्या माळव्यात हा नियम कोणी मनावर घेईल असे वाटत नाही. त्या काळच्या लोकांनीही तो नीट पाळला नाही, हे बायबलच कबूल करते.

‘पृथ्वीवर सत्ता चालवा’ असेही बायबल सांगते ना, असे तुम्ही म्हणाल. सांगते, पहिल्याच अध्यायात. त्यावर बोट ठेवून लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ साली निसर्गाच्या दुर्दशेचा बराचसा दोष ख्रिस्ती परंपरेला दिला होता. पण दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो मशागत करायला आणि राखायला. राखणदार मालक नसतो, हे ज्याच्या बांधावर रखवालदार आहे त्याला सांगायला नको. बाकी, राखी आणि राखण हे दोन्ही शब्द एकाच ‘रक्ष्’ धातूचे.

आता झाड. झाडापुढे उभे राहून ‘चुकलो’ म्हणा, असे चर्च सांगत नाही. पाप देवापुढे कबूल करायचे आणि ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई करायची. कॅथलिक पापनिवेदनात कबुलीनंतर प्रायश्चित्त येते ते म्हणूनच. बायबलातला जक्कय हा जकातदार नुसत्या पश्चात्तापावर थांबला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देतो म्हणाला. नदीत रसायने सोडणाऱ्याने नदीची ओटी भरून भागत नाही, ते यामुळेच.

खरी अडचण पुढे आहे. क्षमा ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायची असते. तुमच्याच जिल्ह्यातले पिथमपूर घ्या. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये तिथे आणला आणि जूनअखेर जाळून टाकला. वायुगळती झाली डिसेंबर १९८४ मध्ये. कचरा हलायला चाळीस वर्षे लागली. त्या रात्री जे गेले, त्यांच्या वतीने हे ऋण सोडायचा अधिकार कोणाचा? मला तरी कोणाचा दिसत नाही.

जाता जाता एक. राणी मारिया ज्या संघाच्या, तो असिसीच्या संत फ्रान्सिसची परंपरा मानणारा. फ्रान्सिसने १२२५ च्या सुमारास, डोळे जवळजवळ गेलेले असताना, सूर्य, वारा, पाणी आणि माती यांना भाऊबहीण म्हणणारे एक स्तुतिगीत रचले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणावरील परिपत्रकाचे नाव त्याच गीतातून घेतलेले आहे. गीत रचून झाल्यावर गावचे बिशप आणि नगराधिकारी यांच्यात हाडवैर जुंपले. तेव्हा फ्रान्सिसने त्यात क्षमा करणाऱ्यांवरचे एक कडवे वाढवले आणि दोघांसमोर ते गायला आपले बंधू पाठवले. नगराधिकारी हात जोडून ऐकत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, असे सांगतात.