दोन आठवड्यांत तिथे काय करावं?

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या चर्चमधला तरुणांचा गट दोन आठवड्यांसाठी युगांडातल्या एका खेड्यात जाणार आहे. शाळेची खोली बांधायची, कपडे वाटायचे, असं ठरतंय. काय लक्षात ठेवावं?

उत्तर : विटा रचायला तुम्ही कशाला? तिथे गवंडी आहेत आणि त्यांना काम हवं असतं. तुमच्या विमानभाड्यात त्यांची मजुरी सहज निघेल. कपड्यांचंही तेच, तिथल्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांचे ढीग असतात.

उपदेशाचा बेत असेल तर जरा दमानं. अँग्लिकन मिशनरी तिथे १८७७ सालीच पोहोचले. आज बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. रविवारी मागच्या बाकावर बसा आणि ऐका.

हातपंप मात्र बघाच. तिथे खेडोपाडी दिसणारा पंप ‘इंडिया मार्क टू’च्या घराण्यातला, आणि त्याचं मूळ सोलापुरात घडलेल्या पंपात! (हे खुद्द सोलापुरातही फार कुणाला ठाऊक नसावं.) वॉशर झिजला किंवा पाइप गंजला की असा पंप बंद पडतो. नवी बोअर मारून फोटो काढण्यापेक्षा गावच्या पाणी समितीला विचारा : दुरुस्ती कोण करतं, सुटे भाग कुठून आणता, वर्गणी जमते का? पैसे द्यायचेच तर समितीच्या हाती द्या, पावती घेऊन.

मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परतताना भारतातही अडवतात. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.