आतड्यांचे जीर्ण दाहविकार आणि व्यायाम : कोकणातील ऋतुचर्येच्या संदर्भात

अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स डिसीज या व्याधींना एकच आयुर्वेदीय नाव देणे युक्त नाही. रक्तातिसार, प्रवाहिका व ग्रहणी यांची लक्षणे त्यांत अवस्थेनुसार मिसळलेली आढळतात. औषधयोजनेची चर्चा आपण नेहमीच करतो. मात्र ‘डॉक्टर, चालायला जाऊ की पडून राहू?’ या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घाईत दिले जाते.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात व्यायामाने अग्नी प्रदीप्त होतो असे सांगून, त्याच प्रकरणात वातपित्ताच्या रुग्णास व अजीर्ण असणाऱ्यास तो वर्ज्य केला आहे. हा विरोध नसून अवस्थाभेद आहे. मलासोबत रक्त, ज्वर, तीव्र शूल असताना विश्रांतीच हवी. दिवसाकाठी सहा वा अधिक सरक्त वेग, त्यासोबत ज्वर किंवा जलद नाडी असल्यास रुग्ण विनाविलंब रत्नागिरीस रुग्णालयात पाठवावा. उपशमावस्थेत मात्र पूर्ण विश्रांती अहितकर ठरते.

आधुनिक संशोधनही याच दिशेचे आहे. क्रोन्सच्या 32 रुग्णांवरील, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात, आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास चालण्याने तीन महिन्यांत जीवनमान सुधारले व व्याधी बळावली नाही. 2015 च्या अमेरिकी पाहणीत, उपशमावस्थेत अधिक व्यायाम करणाऱ्या क्रोन्सच्या रुग्णांत सहा महिन्यांनंतर व्याधी सक्रिय असण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी कमी आढळला. कोलायटिसमध्ये हा फरक निश्चित ठरला नाही. अर्थात ज्यास बरे वाटते तोच अधिक चालतो, हेही ध्यानात घ्यावे.

अतिश्रमाचे मात्र वेगळे. त्या वेळी रक्त स्नायू व त्वचेकडे वळते, आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो; ऊन व जलाल्पता यांची भर पडल्यास श्लेष्मल त्वचेस इजा पोहोचते.

येथेच आपल्या भागाची खरी अडचण आहे. पाली परिसरातील शेतकरी वर्षातील सर्वाधिक कष्ट कधी करतो? वैशाखाच्या उन्हात घळ घेऊन आंबे उतरवताना, आणि आषाढात दिवसभर वाकून भातलावणी करताना. शास्त्राने ग्रीष्मात व्यायाम आणि वर्षाऋतूत, अग्नी मंद असताना, आयास निषिद्ध मानला आहे. म्हणजे निषिद्ध काळात अतिश्रम आणि दिवाळी ते होळी या अनुकूल काळात तुलनेने बैठे जीवन, असे उलटे चक्र होते. अशा रुग्णास ‘तुम्ही शेतात राबता, वेगळा व्यायाम कशाला?’ असे म्हणणे मला मान्य नाही. श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायामाची मात्रा आपण ठरवतो, श्रमाची मात्रा काम ठरवते.

म्हणून हेमंत-शिशिरात सकाळी मलप्रवृत्तीनंतर वीस मिनिटे सपाट सड्यावर चालण्यापासून आरंभ करावा. कपाळी व काखेत घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धशक्ती झाली, तेथेच थांबावे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडे ठिसूळ होत असल्याने, त्यांना पुढे हलके वजन उचलण्याचा व्यायामही हवा. लावणीच्या दिवसांत वेगळा व्यायाम नको. उलट घरच्यांशी बोलून कामाचे तास कमी करवून घ्यावेत.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती : लावणीनंतर अंगदुखीसाठी अशा रुग्णाने आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक मागितल्यास परस्पर देऊ नये, कारण या गोळ्यांनी आतड्यांचा दाह उफाळू शकतो. बाह्य अभ्यंगासाठी महानारायण तेल द्यावे. मेसालाझिनसारखी चालू औषधे ‘आता चालायला लागलो’ म्हणून रुग्ण परस्पर बंद करतात. पुढची बाटली न्यायला तो आला नाही, तर त्याच्या वैद्यास कळवावे.